गोळीबाराच्या प्रसंगाचे प्रशिक्षण सक्तीचे असावे का? आधी वर्गाचे दार पाहा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपण अमेरिकेतील ज्या राज्यात राहता तिथल्या विधिमंडळात, शाळांमध्ये आणि सार्वजनिक इमारतींमध्ये गोळीबाराच्या प्रसंगाला तोंड देण्याचे प्रशिक्षण सक्तीचे करणारे विधेयक आले आहे, आपली पहिलीतली मुलगी शाळेत झालेल्या अशा प्रसंगाच्या सरावानंतर, म्हणजे ड्रिलनंतर, काही रात्री दचकून उठत होती, आणि समितीच्या सुनावणीत या विधेयकाच्या बाजूने बोलावे की विरोधात, हे आपले ठरत नाही. शाळा, ग्रंथालये आणि काउंटीची (जिल्ह्याची) कार्यालये यांचे आपत्कालीन आराखडे तपासणे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना तयार करणे हे काम मी एकोणीस वर्षे करत आहे. म्हणजे असल्या सक्तीवरच माझे पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझे म्हणणे त्या हिशेबाने घ्यावे. माझ्या मते सक्ती जरूर असावी, परंतु तिचा भार मोठ्या माणसांवर आणि इमारतीवर पडावा. मुलांच्या वाट्याला त्यातला फार थोडा आणि अगदी शांत भाग यावा. आजवर मी वाचलेल्या बहुतेक मसुद्यांत हे प्रमाण उलटे असते. वर्षातून किती ड्रिल घ्यायचे याचा आकडा पहिल्याच कलमात असतो आणि दाराच्या कुलपाचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

प्रशिक्षणाची गरज का, याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. एफबीआयने २००० ते २०१३ या काळातील अशा १६० घटनांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ज्या ६४ घटना किती वेळ चालल्या हे सांगता येत होते, त्यांतल्या ४४ घटना पाच मिनिटांत किंवा त्याआधी संपल्या होत्या आणि २३ तर दोन मिनिटांतच. पोलीस कितीही तत्पर असले तरी फोन लागणे, पत्ता कळणे, गाडी पोहोचणे आणि इमारतीचे नेमके दार सापडणे यांत एवढा वेळ सहज जातो. एकूण घटनांपैकी सुमारे दोन तृतीयांश घटना पोलीस हल्लेखोराला गाठण्यापूर्वीच संपलेल्या होत्या. १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला तेव्हा पोलिसांनी इमारतीला वेढा घातला आणि विशेष पथकाची वाट पाहिली. तोवर गोळी लागलेले एक शिक्षक काही तास वर्गात पडून राहिले आणि मदत पोहोचण्याआधी रक्तस्रावाने गेले. त्यानंतर देशभरातील पोलिसांची शिकवण बदलली आणि जो पहिला पोहोचेल त्याने थांबू नये, थेट आत शिरावे, असे ठरले. ही शिकवण सर्वत्र रुजली असे मानले जात असतानाच २०२२ मध्ये टेक्ससमधील युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत पोलिसांना हल्लेखोराच्या वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली. पोलिसांच्या प्रशिक्षणाचा विषय मोठा आहे आणि आपल्या विधेयकाच्या कक्षेबाहेरचा आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की पहिली काही मिनिटे इमारतीत आधीपासून असलेल्या माणसांची असतात, आणि त्या मिनिटांत त्यांना काय करता येते यावर बरेचसे ठरते.

त्यांना काय करता येते? सर्वांत आधी दार बंद करता येते, आणि हे ऐकायला जितके सोपे वाटते तितके ते नसते. एका प्राथमिक शाळेत मी वर्गशिक्षिकेला विनंती केली की, लॉकडाऊनची (दार लावून आत लपून राहण्याची) सूचना झाली आहे असे समजून दार कुलूपबंद करून दाखवा. त्यांनी टेबलाचा खण उघडला, त्यातून पर्स काढली, पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेल्या, सातपैकी चौथी किल्ली लागली, ती आधी उलटी आणि मग सुलटी फिरवली, आत आल्या आणि दार ओढून हलवून पाहिले. माझ्या घड्याळात ५२ सेकंद झाले होते. बाहेर कोणी गोळ्या झाडत नव्हते, आत मुले रडत नव्हती, त्यांचे हातही कापत नव्हते. शेजारच्या वर्गात त्या दिवशी बदली शिक्षक होते आणि त्यांच्याकडे किल्लीच नव्हती. तिसऱ्या वर्गात चौकटीतल्या खाचेवर चुंबकाची पातळ पट्टी लावलेली दिसली: कुलूप कायम लावलेले ठेवायचे, पण पट्टीमुळे खिटी खाचेत बसत नाही, म्हणून मुलांची ये-जा चालू राहते आणि वेळ आली की पट्टी ओढायची. युक्ती चलाख आहे, पण अग्निसुरक्षेचे निरीक्षक तिला हरकत घेतात, कारण आगीचा धूर अडवणारे दार नीट बसलेच पाहिजे. शिवाय पट्टी ओढायची आठवण त्या क्षणी राहीलच, याची खात्री कोण देणार?

हे एका शाळेचे रडगाणे असते तर मी सांगितले नसते. २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. तिथल्या वर्गांची दारे कॉरिडॉरच्या बाजूने किल्ली लावूनच बंद होत असत. युवाल्डीत ज्या जोडवर्गांत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, त्यांपैकी एका वर्गाचे कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होते, तरीही दुरुस्ती झालेली नव्हती. याउलट फ्लोरिडातील पार्कलंडमध्ये २०१८ साली १७ जण मारले गेले तेव्हा हल्लेखोर एकाही वर्गाच्या आत शिरला नाही. त्याने कॉरिडॉरमधून आणि दारांच्या काचेतून गोळ्या झाडल्या. म्हणजे बंद दाराने त्याला थोपवले, परंतु काचेतून दिसणारा वर्गाचा भाग उघडा राहिला. दाराच्या काचेतून दिसत नाही असा वर्गातला कोपरा कोणता, हे आधी ठरवून जमिनीवर पट्टीने आखून ठेवायला काही मिनिटे पुरतात, पण त्या इमारतीतल्या बहुतेक वर्गांत तो आखलेला नव्हता. कुलूप आतून लागले पाहिजे, एका हालचालीत लागले पाहिजे, बदली शिक्षकालाही लावता आले पाहिजे आणि कोपरा आखलेला असला पाहिजे, या चार गोष्टी प्रशिक्षणाच्या आधीच्या आहेत. त्या नसतील तर प्रशिक्षण म्हणजे कडीकोयंडा नसलेल्या घरात चोरांपासून सावध राहण्याचे व्याख्यान.

इथे एक सावधगिरी हवी. घटना घडली की दाराला आडवे घालायचे लोखंडी दांडे आणि जमिनीत रुतणाऱ्या खुंट्या विकणारे शाळांच्या दारात उभे राहतात, आणि घाबरलेल्या पालकांना ते पटतात. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतील अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेला लागलेल्या आगीत ९२ मुले आणि ३ नन मृत्युमुखी पडल्या आणि त्यानंतर शाळांचे अग्निनियम देशभर कडक झाले. वर्गाचे दार आतून किल्लीशिवाय, एकाच हालचालीत उघडता आले पाहिजे, हा आजच्या नियमांचा गाभा आहे. ज्या अडसरामुळे आतले मूल बाहेर पडू शकत नाही किंवा बाहेरचा अग्निशमन जवान आत येऊ शकत नाही, तो एका धोक्यावर उपाय करताना दुसरा ओढवून घेतो. आतून बटण दाबून लागणारे आणि आतून मूठ फिरवताच उघडणारे साधे कुलूप दोन्ही अटी पाळते.

दारानंतर सूचनेचा प्रश्न येतो: धोका आहे हे कोणी जाहीर करायचे? माझ्या प्रशिक्षणात मी हा प्रश्न सर्वांत आधी स्वयंपाकघरातल्या आणि सफाईच्या कर्मचाऱ्यांना विचारतो, आणि उत्तर बहुधा 'प्राचार्य' असे येते. प्राचार्य बैठकीला गेलेले असतात तेव्हा काय? पार्कलंडमध्ये पहिली गोळी आणि 'कोड रेड'ची, म्हणजे लॉकडाऊनची, पहिली घोषणा यांच्यात तीन मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि ती घोषणा करण्याचा अधिकार नेमका कोणाचा याविषयी कर्मचाऱ्यांच्या मनात स्पष्टता नव्हती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. त्यातच गोळीबाराने उडालेल्या धुळीमुळे आगीची घंटा वाजली आणि तिसऱ्या मजल्यावरची मुले सवयीप्रमाणे वर्गाबाहेर आली. आगीचा सराव अनेक वर्षे मुरलेला, दुसरा सराव जेमतेम झालेला. शरीर जुने तेच करते. म्हणून घंटा वाजली तरी क्षणभर थांबून धूर दिसतो का, वास येतो का, आवाज कसले येतात हे पाहायचे, ही गोष्ट आता आम्ही वेगळी शिकवतो.

नेमके उलटे चित्र १४ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातील रँचो तेहामा येथे दिसले. वस्तीत गोळ्यांचे आवाज येऊ लागताच शाळेच्या कर्मचाऱ्यांनी कोणाच्या परवानगीची वाट न पाहता लॉकडाऊन सुरू केला आणि मुलांना मिनिटभराच्या आत वर्गांत घेतले. हल्लेखोर गाडीने फाटक तोडून आवारात आला, सुमारे सहा मिनिटे भिंती-खिडक्यांवर गोळ्या झाडत राहिला, दारे उघडत नाहीत असे दिसल्यावर निघून गेला. गावात त्या दिवशी माणसे मारली गेली, शाळेत एका मुलाला गोळी लागली, पण शाळेत कोणाचाही जीव गेला नाही. तिथे कोणी हल्लेखोराशी झुंजले नाही, कोणी शस्त्र काढले नाही; आवाज ओळखला, निर्णय घेतला आणि दारे बंद केली. मला कोणी विचारले की सक्तीच्या प्रशिक्षणातून काय मिळायला हवे, तर मी या शाळेतल्या त्या काही सेकंदांकडे बोट दाखवतो.

मात्र सूचना फार वेळा झाल्या तर त्याही बोथट होतात. युवाल्डीत सीमेवरून पळणाऱ्या गाड्यांचा पोलीस पाठलाग करत, त्यामुळे शाळेत वारंवार सतर्कतेचे संदेश येत असत. टेक्सस विधिमंडळाच्या समितीने नोंदवले की फेब्रुवारी ते मे २०२२ या काळात असे जवळजवळ पन्नास इशारे झाले होते आणि त्यामुळे कर्मचाऱ्यांची दक्षता ढिली पडली होती. बाहेर गडबड असताना बाहेरची दारे बंद ठेवून वर्ग चालू ठेवणे आणि धोका आत शिरला असताना वर्गाचे दार बंद करून दिवे घालवून लपणे, या दोन वेगळ्या सूचना आहेत. अनेक शाळा आता 'आय लव्ह यू गाईज' या प्रतिष्ठानची पाच शब्दांची पद्धत वापरतात: होल्ड, सिक्युअर, लॉकडाऊन, इव्हॅक्युएट, शेल्टर. २००६ मध्ये कोलोरॅडोतील एका हायस्कूलमध्ये मारल्या गेलेल्या मुलीच्या आईवडिलांनी ते सुरू केले. प्रत्येक शब्दामागे एक ठरलेली कृती आहे, हाच या पद्धतीचा मोठा गुण. करोनानंतर लॉकडाऊन या शब्दाला भलताच अर्थ चिकटला असला तरी शाळांमध्ये तो जुन्याच अर्थाने चालतो.

आता आपल्या मुलीविषयी. पहिलीतल्या मुलासाठी योग्य ड्रिल म्हणजे एवढेच: शिक्षिका आधी सांगते की आज आपण सराव करणार आहोत, दार बंद होते, दिवे जातात, मुले ठरलेल्या कोपऱ्यात शांत बसतात, कोणी दार वाजवले तरी उघडत नाहीत, पाच-सात मिनिटांनी प्राचार्य किल्लीने दार उघडून सराव संपल्याचे सांगतात, आणि शिक्षिका प्रश्न विचारू देते. त्यात बंदुकीचा आवाज नको, मुखवटा घातलेला माणूस नको, खोटे रक्त नको आणि खरा प्रसंग असल्याची बतावणी तर मुळीच नको. दुर्दैवाने हे सगळे झालेले आहे. २०१९ मध्ये इंडियानातील एका प्राथमिक शाळेच्या प्रशिक्षणात शिक्षकांना गुडघ्यांवर बसवून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या राज्याच्या शिक्षक संघटनेला ते विधिमंडळासमोर मांडावे लागले. अशा प्रशिक्षणातून कोणी काय शिकले, हे मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेले नाही. भीतीने माणूस शिकत नाही, तो फक्त त्या खोलीत पुन्हा जायला कचरतो.

ड्रिलचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याविषयी जॉर्जिया टेक आणि एव्हरीटाउन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वारंवार उद्धृत होतो. ११४ शाळांच्या परिसरातील समाजमाध्यमांवरचा मजकूर ड्रिलच्या आधीचे ९० दिवस आणि नंतरचे ९० दिवस तपासला असता ताण आणि चिंता यांच्या खुणा ४२ टक्क्यांनी आणि नैराश्याच्या खुणा ३९ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. एव्हरीटाउन ही बंदूक नियंत्रणासाठी झटणारी संघटना आहे आणि लिहिलेल्या मजकुरावरून काढलेला अंदाज म्हणजे डॉक्टरांचे निदान नव्हे, हे लक्षात ठेवूनही हा इशारा हलक्यात घेण्यासारखा नाही. दुसरीकडे, शांतपणे, आधी सांगून आणि नंतर चर्चा करून घेतलेल्या सरावानंतर मुलांना आणि शिक्षकांना काय करायचे ते नीट कळते, हा माझा अनुभव आहे. ड्रिल कोणत्या पद्धतीने घेतले, यावर सगळे अवलंबून असते. वॉशिंग्टन आणि इलिनॉय या राज्यांनी सरावातल्या नाट्यमय बतावणीला कायद्यानेच मनाई केली आहे. आपल्या विधेयकात ते कलम नसेल तर ते मागणे रास्त आहे. पळा, लपा, लढा हे सूत्र ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये काढलेल्या चित्रफितीमुळे सर्वतोमुखी झाले. ते प्रौढांसाठी ठीक आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला लढायला सांगणे माझ्या पचनी पडत नाही.

सार्वजनिक इमारतींचा विचार मसुद्यांत बहुधा शेपटासारखा जोडलेला असतो, आणि तिथली अडचण वेगळी आहे. शाळेत रोज तीच माणसे येतात. ग्रंथालयात, न्यायालयात किंवा परवाना कार्यालयात येणाऱ्याने कोणतेही प्रशिक्षण घेतलेले नसते, त्याला 'कोड सिल्व्हर' हा शस्त्रधारी आत असल्याचा संकेतशब्द ठाऊक नसतो. म्हणून तिथली घोषणा साध्या भाषेत आणि जागेसह हवी: दुसऱ्या मजल्यावर बंदूकधारी आहे, पूर्वेच्या जिन्याने बाहेर पडा. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे २ डिसेंबर २०१५ रोजी काउंटीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बैठकीत गोळीबार होऊन १४ जण मारले गेले, तेव्हा काहींना सुरुवातीला हा सरावच वाटला. सराव कधीही न सांगता घेऊ नये, यामागे मुलांच्या भीतीइतकेच हेही कारण आहे. व्हर्जिनिया बीचच्या नगरपालिका इमारतीत २०१९ मध्ये गोळीबारात १२ जण मारले गेले. तिथे कार्डाने उघडणाऱ्या दारांनी पोलिसांनाही अडवले. दारांच्या कार्डांची एक प्रत पोलिसांच्या हाती कशी पडेल, हे आराखड्यात लिहिलेले असावे लागते. संघराज्य सरकारच्या इमारतींसाठी १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर स्थापन झालेल्या आंतरविभागीय सुरक्षा समितीचे निकष आहेत. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना कामाच्या जागी हिंसा रोखण्याचा लेखी आराखडा आणि दरवर्षीचे प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. काउंटी आणि नगरपालिकेच्या इमारतींची स्थिती मात्र राज्यागणिक आणि कित्येकदा इमारतीगणिक बदलते.

प्रौढांच्या प्रशिक्षणात रक्तस्राव थांबवणे असलेच पाहिजे. 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. जखमेवर दाब कसा द्यायचा आणि हाता-पायाला टूर्निकेट (रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा) कसे बांधायचे हे तासा-दीड तासात शिकता येते, आणि त्याचा उपयोग रस्त्यावरच्या अपघातातही होतो.

एक गोष्ट अशा विधेयकांत जवळजवळ नेहमी सुटते. सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची यंत्रणा) आणि शिक्षण विभाग यांनी २००२ मध्ये शाळांवरील ३७ हल्ल्यांचा अभ्यास पूर्ण केला. त्यांतील ८१ टक्के हल्ल्यांत हल्लेखोराच्या बेताची कुणकुण दुसऱ्या कोणाला तरी आधी लागलेली होती, आणि ते बहुधा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होते. मग ते बोलले का नाहीत? मुलांशी बोलताना मला जी कारणे ऐकू येतात ती साधी आहेत: त्याला उगाच शिक्षा होईल, तो गंमत करत असेल, सांगायचे कोणाला ते माहीत नव्हते. शिक्षकांच्या वार्षिक प्रशिक्षणातला निम्मा वेळ अशा बोलण्याला वाट करून देण्यावर आणि आलेल्या माहितीचे पुढे काय करायचे यावर खर्ची पडला तर मला आनंद होईल. ड्रिल दिसते, फोटो निघतो, अहवालात खूण करता येते. एखादे मूल समुपदेशकाच्या दारात घुटमळून शेवटी आत आले, याची नोंद कुठेच होत नाही.

सुनावणीत बोलणाऱ्याला बहुधा दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून आपण बाजू आणि विरोध यांत न अडकता दुरुस्त्या मागाव्यात, असे मी सुचवेन. वर्गाची कुलपे आतून लागावीत यासाठी मुदत आणि निधी या दोन्हींची तरतूद मागा, कारण निधीशिवायची सक्ती शाळा कागदावर पाळतात. कोणत्याही कर्मचाऱ्याला लॉकडाऊन पुकारण्याचा अधिकार आहे, असे स्पष्ट वाक्य मागा. बदली शिक्षक, बसचालक आणि संध्याकाळचे सफाई कर्मचारी यांचा प्रशिक्षणार्थींच्या व्याख्येत उल्लेख आहे का ते पाहा. मी वाचलेल्या मसुद्यांत तो क्वचितच असतो. ड्रिलच्या आधी पालकांना लेखी कळवणे आणि बतावणीला मनाई ही दोन कलमे मागताना मुलीच्या त्या रात्रींविषयी जरूर बोला. आणि सुनावणीच्या आधी एकदा तिच्या वर्गात जाऊन शिक्षिकेला विचारा की हे दार कसे बंद होते. त्यांनी ते आपल्यासमोर बंद करून दाखवले तर किती सेकंद लागले, हे समितीला सांगता येईल.